ब्रेकची थरथर आणि मोजमापाची मजुरी

एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यातील कापडाच्या धंद्याला सुरतेशिवाय गत्यंतर नाही. साडी, ड्रेस मटेरियल, अस्तर, पडद्याचे कापड हा बराचसा माल तेथील रिंग रोडच्या मार्केटांतून येतो. गाठी ट्रान्सपोर्टने येतात हे खरे; परंतु माल पसंत करणे, भाव ठरवणे आणि लग्नसराईत संपलेला नग तातडीने आणणे यासाठी व्यापाऱ्याला स्वतः जावेच लागते. पूर्वी हा प्रवास एस.टी.ने किंवा धरणगावहून रेल्वेने होत असे. हल्ली बऱ्याच दुकानांच्या दारात चारचाकी उभी असते. ती चैनीची वस्तू राहिलेली नसून धंद्याचे साधन झाली आहे आणि दुकानाच्या खर्चात तिचे स्वतंत्र खाते पडले आहे. त्या खात्यात वारंवार येणाऱ्या एका रकमेविषयी आज लिहावयाचे आहे.

दुखणे असे. गाडी ताशी ८०-१०० च्या वेगात आहे. पुढे ट्रक दिसला म्हणून ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरू लागते. पेडलमधून पायाला धक्के जाणवतात. वेग कमी झाला की थरथर मंदावते आणि गावात २०-३० च्या वेगात तर जवळपास कळतही नाही. गॅरेजमध्ये नेले की उत्तर ठरलेले असते, "डिस्क बेंड झाली." मग डिस्क लेथवर घासली जाते किंवा नवीन टाकली जाते, सोबत पॅडही बदलले जातात. गाडी लोण्यासारखी थांबू लागते. चार-पाच हजार किलोमीटर झाले, म्हणजे सुरतच्या सात-आठ फेऱ्या झाल्या, की थरथर परत हजर! पुन्हा डिस्क, पुन्हा पॅड, पुन्हा बिल. या भागातील कितीतरी व्यापारी बंधूंकडून आम्ही हेच गाऱ्हाणे ऐकले आहे. आमच्या स्वतःच्या डिझेल गाडीत तर मोठ्या शहरातील एका गॅरेजने दीड वर्षात दोनदा डिस्क बदलून दिल्या आणि दोन्ही वेळा दुखणे परत आले.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे की, जे दुखणे परत येते त्यात बदललेला भाग हा बहुतेक वेळा रोग नसून रोगाची खूण असते. उर्दूत ज्याला तश्खीस म्हणतात, म्हणजे रोगाचे निदान, ते न करताच औषध दिले जात आहे. आणि ते होत नाही याचे कारण गॅरेजवाल्याची बेइमानी हे नाही. निदानाची मजुरी द्यावयास आपल्यापैकी कोणी तयार नसतो, हे खरे कारण आहे.

कापडवाल्याला ही गोष्ट एका उदाहरणाने चटकन समजेल. छापील कापडाचा तागा उलगडताना ठरावीक अंतरावर एकच डाग पुन्हा पुन्हा आला, तर आपण कापडाला दोष देत नाही. हल्ली रोटरी छपाईच्या जाळीचा घेर साधारणपणे ६४ सेंटिमीटर असतो. डाग दर ६४ सेंटिमीटरला येत असेल तर नुक्स जाळीत आहे, हे दलालही सांगेल. तागा बदलून मागितला तरी त्याच जाळीवर छापलेला दुसरा तागा तोच डाग घेऊन येणार. ब्रेकची थरथर ही अशीच ठरावीक अंतराने येणारी खोड आहे. लहान गाडीच्या चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी १०० च्या वेगात ते चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात एक धक्का, हीच ती थरथर. तेव्हा फिरणाऱ्या भागात कोठेतरी एका जागी फरक आहे हे उघड आहे. तो कोठून आला, हा खरा प्रश्न आहे.

"डिस्क बेंड झाली" हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर वाकलेली थाळी येते. प्रत्यक्षात ओतीव लोखंडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक गाड्यांत जे सापडते ते म्हणजे डिस्कच्या जाडीतील फरक. एका जागी ती इतर जागांपेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटर पातळ किंवा जाड झालेली असते. एक शतांश मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या धंद्यातील १०० काउंटच्या सुताचा एकेरी धागा साधारण ९ शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्या धाग्याच्या जाडीचा पाचवा हिस्सा एवढा फरकही हातातील स्टेअरिंग हलवू शकतो. डोळ्याने पाहून किंवा बोट फिरवून तो कळणे अशक्य आहे.

आता हा फरक पडतो कसा ते पाहू, कारण दुखणे परत येण्याची किल्ली येथेच आहे. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबचा चेहरा स्वच्छ नसेल, त्यावर गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा कण राहिला असेल, तर नवी कोरी डिस्कही किंचित तिरपी बसते. हबजवळ ५ शतांश मिलिमीटरचा कण असला तर डिस्कच्या कडेला तो तिरपेपणा जवळपास दुप्पट होतो. अशी डिस्क फिरताना डगमगते. ब्रेक न दाबताही तिचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला ओझरता घासून जातो. पहिल्या दिवशी यातून काहीच जाणवत नाही, कारण जाडी अद्याप सारखी आहे आणि कॅलिपर त्या डगमगीबरोबर थोडा सरकून घेतो. परंतु हजारो किलोमीटर एकच जागा घासत राहिली की तेथे डिस्क पातळ होते आणि थरथर सुरू होते. म्हणून गॅरेजवाला जेव्हा म्हणतो की, "शेठ, मी गाडी दिली तेव्हा एकदम ओके होती," तेव्हा तो खोटे बोलत नसतो. ती खरोखरच ठीक होती. बीज मात्र त्याच दिवशी पेरले गेले होते.

लेथवर घासून आणलेल्या डिस्कचीही तीच गत. लेथवर ती सरळ झाली; पण हबचा गंज जागच्या जागीच आहे. शिवाय प्रत्येक घासणीत डिस्क पातळ होते, पातळ डिस्क लवकर तापते. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्या मापाखाली गेलेली डिस्क भंगारात टाकावी. ती पुन्हा घासून देणारा कारागीर आपले पैसे वाचवत नाही.

तिरपेपणाचे आणखी एक कारण आहे आणि ते गॅरेजमध्ये नसून रस्त्यावर आहे. चाकाचे नट एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी आवळले गेले तर डिस्कवर असमान ताण येतो. हल्ली टायरच्या दुकानात हवेच्या गनने चार सेकंदांत नट कसतात. किती जोराने कसले याचा हिशोब कोणाकडेही नसतो. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात हा जोर न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. बहुतेक लहान गाड्यांत तो ८५ ते ११० च्या दरम्यान येतो. तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. नट समोरासमोरचे, दोन टप्प्यांत कसावे लागतात. एवढी साधी बाब, पण पंक्चर काढल्यानंतर महिनाभराने सुरू झालेल्या थरथरीचा संबंध त्या पंक्चरशी कोणी जोडत नाही.

मग चालवण्याची रीत. सुरतेकडे जाताना साक्री ओलांडल्यानंतर कोंडाईबारीचा घाट लागतो आणि उतार नवापूरच्या बाजूला असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकने पचवावयाची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. पुष्कळ ड्रायव्हर संपूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरतात आणि पायथ्याशी ट्रकांच्या रांगेत पेडल घट्ट दाबून उभे राहतात. लाल तापलेल्या तव्यावर भाकरी तशीच राहू दिली तर ती चिकटते. तापलेल्या डिस्कवर पॅडचा मसाला तसाच एका जागी चिकटतो आणि तेथे जाडी वाढते. खालच्या गिअरमध्ये घाट उतरावा, ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून सोडावा, आणि तापलेल्या ब्रेकवर थांबणे आलेच तर पुढे थोडी जागा ठेवून गाडी इंच-दोन इंच सरकू द्यावी. नवे पॅड टाकल्यावरही मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा सौम्यपणे वेग उतरवून, मध्ये ब्रेक थंड होऊ देऊन ते बसवून घ्यावे लागतात. हे सांगणारे कारागीर आम्हाला फार थोडे भेटले.

खान्देशातील धूळ आणि पावसाळा यांचाही वाटा आहे. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांत काळी माती आणि पाणी शिरले की पिना जाम होतात. पॅड मागे हटत नाही, डिस्कला चिकटून राहतो आणि ती तापत राहते. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत पॅडखालील जागा कोरडी राहते आणि बाकीची गंजते. आपल्या गाड्या सुरतेच्या दोन फेऱ्यांमध्ये अशाच उभ्या असतात. पिना काढून, साफ करून, उष्णता सोसणारे ग्रीस लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. साधे ग्रीस लावले तर ते पातळ होऊन वाहते आणि पिनेचे रबर फुगवते.

थरथर धोकादायक आहे काय, असेही काही जण विचारतात. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा मार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. थरथर म्हणजे ब्रेक निकामी होणे नव्हे, आणि आमची गाडी म्हणजे कंटेनर नव्हे. ही तुलना ताणण्याची आमची इच्छा नाही. परंतु थरथर असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला एक सवय लागते. हात हलू नये म्हणून तो पेडल हलके दाबतो, दाबून सोडतो, पुन्हा दाबतो. अचानक म्हैस आडवी आली तर त्याचा पाय त्याच सवयीने मागेपुढे होतो. तरसोद-फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले तेव्हा या रस्त्यावर वेगच घेता येत नव्हता, म्हणून हा दोष पुष्कळ गाड्यांत झाकून राहिला होता. जेथे रस्ता रुंद झाला तेथे वेग वाढला, आणि दोष उघडा पडला. पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा हा महामार्ग गाडीची परीक्षा घेणारा आहे.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे, अन्यथा वाचक भलत्याच कारणाने गॅरेज गाठतील. जोरात, आणीबाणीचा ब्रेक मारला असता पेडल टकटकते ते एबीएसचे काम असते, तो दोष नव्हे. ब्रेक न दाबताच विशिष्ट वेगाला स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलते तर दोष सहसा पुढच्या चाकांत. स्टेअरिंग शांत आणि बैठक हादरते तर मागच्या, आणि मागे ड्रम असतील तर ड्रम लंबगोल झालेला असू शकतो. अँबॅसेडर-पद्मिनीच्या काळातील जुने ड्रायव्हर ड्रमच्या या खोडीला चांगले ओळखत. डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये घेतले आणि १९५३ मध्ये जॅग्वार गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली. म्हणजे वस्तू नवी मुळीच नाही. आपल्या गॅरेजमधील मोजमाप मात्र अद्याप डोळ्याचे आणि बोटाचे आहे.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले तेही सांगतो. धुळ्याच्या एका कारागिराने भाग बदलण्यापूर्वी हबवर डायल गेज लावला. घड्याळासारखी तबकडी, लोहचुंबकाचा स्टँड, आणि डिस्कला टेकणारी एक काडी. चाक हाताने फिरवले आणि डाव्या बाजूचा काटा १४ शतांश मिलिमीटर हलला. पुष्कळ कंपन्या ५ ते १० शतांशाच्या वर डगमग चालवून घेत नाहीत. त्याने डिस्क काढली, हबचा चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत साफ केला. पुन्हा लावल्यावर काटा ६ वर आला. डिस्क दोन छिद्रे फिरवून बसवली, तेव्हा ४ वर. एवढे झाल्यानंतरच त्याने नवीन डिस्क त्याच रीतीने मोजून टाकल्या, कारण जुन्यांची जाडी बिघडून गेली होती. दोन तास गेले. मोजण्याची म्हणून त्याने वेगळी मजुरी मागितली नाही. आम्हीच ५०० रुपये दिले तेव्हा तो संकोचला. त्यानंतर अकरा हजार किलोमीटर झाले, गाडी ठीक आहे.

हा संकोच आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. गॅरेजच्या बिलात भागाची किंमत असते आणि भाग बसवण्याची मजुरी असते. पाहण्याची, मोजण्याची, "हा भाग बदलू नका" असे सांगण्याची मजुरी नसते. ज्या उस्तादाने गंज घासून आपला रोग बरा केला त्याला आपण शंभर रुपये टेकवतो, आणि ज्याने डिस्क-पॅडचा जोड टाकला त्याला आठ हजार बिनतक्रार मोजतो. मग कोणता शागीर्द मोजणे शिकेल? वरून आपण त्याच्या डोक्यावर उभे राहून म्हणतो, "लवकर कर भाऊ, पहाटे सुरतेला निघायचे आहे." दुकानात गिऱ्हाइकाने असे केले आणि मीटरऐवजी हाताने कापड मोजून मागितले तर आपण देऊ काय?

डायल गेज स्टँडसह आणि साधा टॉर्क पाना मिळून पाच-सहा हजार रुपयांत येतात. महामार्गावरील प्रत्येक गावात आपली मुले गॅरेजमध्ये काम शिकत आहेत. त्यांतील जो मुलगा ही दोन अवजारे घेऊन "ब्रेकचे मोजमाप करून मिळेल" अशी पाटी लावील, त्याच्याकडे आम्ही एरंडोलहून जळगावपर्यंत गाडी घेऊन जाण्यास तयार आहोत. पण त्याने मागितलेले तीनशे-चारशे रुपये घासाघीस न करता देण्याची तयारी आपण व्यापाऱ्यांनी ठेवली पाहिजे, काहीही बदलावे लागले नाही तरी.

बिलाबद्दल दोन शब्द. कच्च्या चिठ्ठीवर डिस्क घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वीच्या २८ टक्क्यांची सबब सांगून बिनाबिलाचा माल गळ्यात मारण्यास आता पूर्वीइतकी जागा उरलेली नाही. नकली पॅडचा धंदा कच्च्या चिठ्ठीवरच चालतो. बिलावर डिस्कची जाडी, बसवल्यानंतरची डगमग आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा, जुने भाग डिकीत टाकून परत आणावेत. सुरतच्या पेढीला खराब नग परत करताना आपण त्यावर खूण करून, बीजक जोडून पाठवतो, तीच रीत. वाद वाढलाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी लागत नाही. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या रोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यात सवलत आहे. गाडी फर्मच्या नावावर असेल तर आधी वकिलाला विचारावे. आमच्या मते लेखी माप हातात असले की बहुतेक प्रकरणे काउंटरवरच मिटतात, कारण १४ शतांश या आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

राहता राहिले पंक्चरचे दुकान. आमच्या गाडीच्या डिकीत आता टॉर्क पाना असतो आणि नटांचा जोर किती हे झाकणाच्या आतील बाजूस रंगाने लिहिले आहे. हवेच्या गनने नट टेकेपर्यंतच फिरवावे, पुढचे हाताने, असे सांगितले की पंक्चरवाले पोरगे आधी हसते. पान्याने ठरलेल्या जोरावर "टक" असा आवाज दिला की त्याचे हसू थांबते, आणि मग पुढचे तिन्ही नट तोच हौसेने आवळतो.